बंद घर: किल्ली कोणाकडे, खर्च कोणाचा, सही कोणाची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं पुण्याचे, निवृत्तीनंतर कोकणात राहायचा विचार आहे. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत रस्त्याच्या खालच्या अंगाला चिऱ्याचं कौलारू घर पाहिलंत. पुढे पडवी, मागे विहीर, दाराला गंजलेलं कुलूप. आठ-दहा वर्षं बंद आहे म्हणतात. शेजारी एवढंच सांगतात की "ती माणसं मुंबईला." सातबारा काढलात तर त्यावर 23 नावं निघाली. एक एजंट म्हणतो, यातल्या एका भावाची सही मी आणतो, तुम्ही ताबा घ्या, बाकीच्यांचं मागाहून बघू. खरा मालक शोधायचा कसा आणि एजंटच्या वाटेने जावं का, असं तुम्ही विचारताय.

एजंटच्या वाटेने जाऊ नका. कारण पुढे येईलच, पण तोवर त्याला विसार देऊन बसाल म्हणून आधी सांगितलं.

मी 26 वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात दिवाणी वकिली करतो. त्यातला निम्मा वेळ कोर्टात नव्हे, तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या महसुली नोंदी, चाळण्यात गेला. बंद घराचा मालक शोधून द्या, अशी कामं वर्षाला चार-पाच येतात. त्यातलं एखादं खरेदीखतापर्यंत पोचतं. घाबरवत नाही, पण हाताशी वर्ष-दीड वर्ष ठेवून कामाला लागा.

"मालक" हा शब्द मात्र आधी डोक्यातून काढा. तुम्हाला एक माणूस नाही, एक अख्खं कुटुंब शोधायचंय. त्यात तीन माणसं महत्त्वाची: किल्ली ज्याच्याकडे असते तो, घरावर खर्च करतो तो, आणि ज्याची सही लागते तो. तिघं एकच निघाले तर तुमचं नशीब थोर. माझ्या अनुभवात ते एक निघत नाहीत.

सुरुवात कागदापासून करू नका, छपरापासून करा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मंगलोरी कौलांचं छप्पर तीन-चार वर्षं शाकारलं नाही तर वानरं कौलं सरकवतात, पाणी रिपांवर येतं, रिपांवरून वाशात मुरतं, वाळवी चढते आणि एके पावसात आढं खाली बसतं. मग मातीच्या भिंती असतील तर त्याही विरघळतात. चिरा तेवढा उभा राहतो. तुम्ही म्हणता घर आठ-दहा वर्षं बंद आहे आणि फोटोत तर आढं सरळ दिसतंय, कौलांच्या ओळीही जाग्यावर आहेत. म्हणजे दर एप्रिल-मेमध्ये कोणीतरी पैसे पाठवतं आणि कोणीतरी वर चढतं. घर ओसाड आहे, बेवारस नाही. गावात जाऊन "या घराचा मालक कोण" असं विचारू नका. "हे घर शाकारतं कोण" असं विचारा. शाकारणीचा गडी वाडीतलाच असतो, आणि त्याला मजुरी देणाऱ्याचा फोन नंबर त्याच्याकडे असतोच.

पहिला प्रश्न का विचारायचा नाही, तेही सांगतो. राजापूरला सातबाऱ्याबद्दल चौकशी करणारा परका माणूस लोकांना साधा गिऱ्हाईक वाटत नाही. 2017 मध्ये नाणारची रिफायनरी जाहीर झाली, 2019 मध्ये रद्द झाली, मग बारसूचं सुरू झालं आणि 2023 च्या एप्रिलमध्ये तिथे माती परीक्षणावरून काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. त्या काळात बाहेरच्या लोकांनी जमिनी कशा घेतल्या याच्या कथा इथे घरोघरी आहेत. तेव्हा दोघं जोडीने जा, चहा घ्या, स्वतःचं गाव-आडनाव सांगा, राहायला यायचंय हे सांगा. आणि पहिल्या भेटीत घराचा फोटो काढू नका.

दुसरी खूण झाडांची. परड्यात हापूसची दोन-चार कलमं असतील, काजू असेल, माड असतील. त्यांचं उत्पन्न वाया जात नाही, कोणीतरी उतरवतं. तो शेजारी असेल, चुलत भाऊबंद असेल किंवा कलमं कराराने घेणारा व्यापारी असेल. करार असेल तर पैसे कोणाला पोचतात हे कळतं. शेजारी फुकट घेत असेल तर हेही कळतं की घर विकलं जावं असं वाटण्याचं त्याला काहीच कारण नाही. "ते विकणार नाहीत हो, नाद सोडा" असं सांगणारा पुष्कळदा हाच. त्याच्यावर रागावू नका. घर विकत घेतलंत तर उद्या तोच तुमचा शेजारी. आणि राखणदारी करून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये गोव्यातल्या एका घराच्या खटल्यात स्वच्छ सांगितलंय. त्यामुळे तेवढ्यापुरती त्याची धास्ती नको.

तिसरी जागा ग्रामपंचायत. तिथे नमुना नंबर 8, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा उतारा मागा. आम्ही त्याला नुसतं असेसमेंट म्हणतो. त्यात मालक आणि भोगवटादार असे दोन वेगळे रकाने असतात, दोन्ही वाचा. मालकाच्या रकान्यात 40 वर्षांपूर्वी वारलेला आजा असतो आणि भोगवटादार म्हणून भलताच कोणी. मग विचारा, गेल्या पाच वर्षांची पट्टी कोणी भरली? पावतीवर ज्याच्या हस्ते पैसे आले त्याचं नाव असतं. तुमचा "खर्च करणारा" पुष्कळदा इथेच सापडतो. मात्र हा उतारा मालकीचा पुरावा नव्हे, तो करवसुलीसाठी ठेवलेला कागद आहे. असेसमेंट आपल्या नावावर करून घेतलं म्हणजे घर आपलं झालं, हा कोकणातला सर्वांत जुना आणि सर्वांत महाग पडणारा गैरसमज.

आता माणसं. बंद घर वर्षातून दोनदा उघडतं, गणपतीत आणि शिमग्यात. गणपती मूळ घरात आणायचा असेल तर कुटुंबातलं कोणीतरी पाच-सात दिवस येतंच, आणि भावाभावांत पाळी असेल तर दर वर्षी वेगळा भाऊ येतो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी फिरते, तिच्यासाठी दार उघडावं लागतं, खळं सारवावं लागतं, नारळ द्यावा लागतो. तुम्ही पुण्याहून जूनमध्ये जाता आणि कुलूप बघून परत येता, त्यात काय हशील? शिमग्याला जा. पालखीबरोबरचे मानकरी कुठल्या घराचं कोण आलं आणि कोण आलं नाही हे तुम्हाला न विचारता सांगतील.

मानकऱ्यांकडे आणखी एक गोष्ट असते, वर्गणीची वही. देवळाच्या जीर्णोद्धाराला, उत्सवाला दर घरामागे वर्गणी ठरते, आणि ती मुंबईतून गोळा करायची म्हणजे पत्ते लागतात. गावाचं मुंबईत मंडळ असेल तर त्याचीही यादी असते. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत पूर्वी गावाच्या नावाने खोल्याच असायच्या. एकेका खोलीत वीस-तीस चाकरमानी वळकट्या टाकून राहायचे. 1982 चा गिरण्यांचा संप झाला, पुढे चाळी पडून टॉवर आले आणि माणसं डोंबिवली, बदलापूर, विरार-नालासोपाऱ्याकडे पांगली. म्हणून फेरफारावरचा "परळ, मुंबई" हा पत्ता आता कामाचा नाही, पण मंडळाची वही दर वर्षी नवी होते. तुम्हाला ती वही कोणी हातात देणार नाही, आणि मागूही नये. सेक्रेटरींना एवढंच म्हणा, "माझी चिठ्ठी त्यांच्यापर्यंत पोचवाल का?" माणूस नाही म्हणत नाही.

अशाच एका वहीत मला एकदा एक बाई सापडल्या. घर देवगड बाजूचं, सातबाऱ्यावर सगळे पुरुष, आणि गिऱ्हाईक दोन वर्षं त्या पुरुषांना फोन करून थकलेलं. वर्गणी मात्र त्या घराच्या नावाने बदलापूरहून एक बाई न चुकता भरायच्या. त्या घरची थोरली मुलगी, लग्न होऊन 45 वर्षं झालेली. शाकारणीचे पैसेही त्याच पाठवत होत्या. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण सगळे तिच्याशी बोलत होते. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, तरी तिने ठरवल्यावर सात सह्या चार महिन्यांत गोळा झाल्या. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला आधी सांगतो, त्या घरची माहेरवाशीण शोधा.

तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याशिवाय गावात पोलीस पाटील, कोतवाल, पोस्टाच्या शाखेतला डाकसेवक आणि शाळेतले जुने गुरुजी यांना भेटा. कोकणस्थ, कऱ्हाडे अशा काही घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत. आडनाव तसं असेल तर आधी वाचनालयात जा, अख्खी वंशावळ पत्त्यांसकट मिळायची शक्यता असते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतूनही पिढ्या जुळवलेल्या मी पाहिल्यात, पण त्या त्यांच्या यजमानांसाठी, तुमच्या-माझ्यासाठी नव्हेत. कुटुंबातलं कोणी बरोबर आलं तरच.

पत्ता मिळाला की फोन करू नका, पत्र लिहा. मराठीत, हाताने, एक पान. आम्ही कोण, घर कसं पाहिलं, का आवडलं, विकायचा विचार नसेल तरी राग नाही, असेल तर हा आमचा नंबर. किमतीचा आकडा घालू नका. आकडा घातलात की पत्र व्हॉट्सॲपवर सगळ्या भावंडांत फिरतं आणि ज्याने 20 वर्षांत घराकडे पाहिलं नाही तोही त्या आकड्याच्या दुप्पट भावाचा मालक होतो. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि तीन आठवडे गप्प बसा.

हे चालू असताना कागदांचं काम वेगळं चालवा. त्याआधी मला सांगा, तुम्ही शेतकरी आहात का? म्हणजे तुमच्या नावावर महाराष्ट्रात कुठेतरी शेतजमिनीचा सातबारा आहे का? कोकणात बरीच घरं गावठाणात नसतात, शेतजमिनीच्या सर्व्हे-हिश्श्यातच असतात, आणि तुमच्या घराला सातबारा आहे म्हणजे तेही तसलंच. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही; 1948 च्या कूळ कायद्याचं कलम 63 आड येतं. मग एकतर परवानगी, किंवा विकणाऱ्याकडून आधी जागा अकृषिक करून घेणं. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असेल तर महसूल संहितेच्या कलम 42 ड चा मार्ग खुला आहे का ते तपासता येतं. शिवाय मोठ्या हिश्श्यातून घराभोवतीचे चार-पाच गुंठेच घ्यायचे म्हटलं तर तुकडेबंदीचा, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे पाडू न देणारा, कायदा येतो. त्याचे नियम गेल्या काही वर्षांत सारखे बदललेत, म्हणून दस्ताच्या दिवशी काय लागू आहे ते दुय्यम निबंधकांकडूनच विचारून घ्यायचं. यात अडकणार असाल तर माणसं शोधण्याचा खटाटोप करण्याआधीच थांबा. तीन महिने फिरून, घरच्यांना तयार करून, शेवटी "आम्ही शेतकरी नाही" म्हणणारे लोक मी पाहिलेत. त्या कुटुंबाला तोंड दाखवायची सोय राहत नाही.

घर गावठाणात असतं तर सातबारा नसता. तिथे मालमत्ता पत्रक बघायचं. ड्रोनने गावठाण मोजायचं काम महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून सुरू झालं आणि 2020 च्या एप्रिलमध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. जिथे सनदा झाल्यात तिथे काम पुष्कळ सोपं झालंय.

आता ती 23 नावं. सातबाऱ्यावर नावांजवळ कंसात किंवा वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार नंबर. प्रत्येक फेरफार काढा, उलट क्रमाने, नवा ते जुना. बरेच जुने अभिलेख आता महसूल विभागाच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर मिळतात, बाकीचे तहसीलमध्ये. एक मोठा कागद घ्या, जुन्या कॅलेंडरची पाठ उत्तम, आणि वंशावळ मांडा. वर मूळ पुरुष, खाली मुलगे आणि मुली. फेरफारात दिसत नसल्या तरी मुलींसाठी जागा सोडा आणि गावात विचारून भरा. एखाद्या नावापुढे "ए.कु.मॅ." दिसेल, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. याचा अर्थ तो माणूस एकटा मालक नव्हता, भावांच्या वतीने त्याचं नाव लागलं होतं. "अ.पा.क.", म्हणजे अज्ञान पालन कर्ता, असेल तर तेव्हा तो वारस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होता. आज तो सत्तरीचा असेल, पण त्याच्या वतीने मधल्या काळात कोणी काही विकलं असेल तर तो व्यवहार तपासावा लागतो.

मुलींचं जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्याकडे आलेले निम्मे दावे इथूनच निघाले. समजा मूळ पुरुष 1963 मध्ये वारला. मागे बायको, तीन मुलगे, दोन मुली. तलाठ्याकडे वारसांची वर्दी गेली ती फक्त मुलग्यांच्या नावांची. मुली लग्न होऊन गेलेल्या, त्यांची नावं कोणी घातली नाहीत, त्यांनीही विचारलं नाही. पण हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 पासून लागू आहे आणि बापाच्या हिश्श्यात मुलगी तेव्हापासूनच वारस आहे. फेरफारात नाव नाही म्हणून हक्क जात नाही. फेरफार हा महसुलासाठी केलेला कागद. उलट सिद्ध होईपर्यंत खरा धरायचा, एवढंच त्याचं वजन. पुढे महाराष्ट्राने 1994 मध्ये, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद, म्हणजे मुलग्यांसारखं जन्मानेच हिस्सेदार, केलं, 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राने सगळ्याच मुलींना केलं, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या तारखेला बाप हयात असण्याची अट नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री तेवढी शाबूत. म्हणून तुमच्या घराला 23 सह्या नव्हे, 35 सह्या लागू शकतात. एखादी बहीण मूलबाळ नसताना, मृत्युपत्र न करता गेली असेल तर बापाकडून आलेला तिचा हिस्सा नवऱ्याकडे जात नाही, परत बापाच्या वारसांकडे येतो. तिच्या सासरचं कोणी सही द्यायला तयार झालं म्हणून खूश होऊ नका.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः यात चुकलो. तीन भावांच्या सह्या घेतल्या, बहिणीचं विचारलं तर "ती लहानपणीच वारली" असं थोरल्याने सांगितलं, मी लिहून घेतलं आणि पुढे गेलो. वारली होती खरी, पण लहानपणी नव्हे. तिची मुलगी दोन वर्षांनी वाटपाचा दावा घेऊन उभी राहिली. गिऱ्हाइकाने नऊ वर्षं तारखा केल्या आणि शेवटी तडजोडीत पुन्हा पैसे मोजले. तेव्हापासून मृत्यू दाखला पाहिल्याशिवाय मी कोणालाही वारलेलं धरत नाही.

सह्या कमी करायचा सरळ मार्ग म्हणजे आधी घरातल्या घरात हक्कसोडपत्रं करून घेणं. जवळच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीचं हक्कसोडपत्र नाममात्र मुद्रांकावर होतं, पण नोंदवावं लागतं. मग शेवटच्या खरेदीखतावर चार-पाच जणच उरतात. कोणी परदेशात असेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल होऊन यावं लागतं आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. दस्त करण्याआधी तो माणूस हयात आहे याची खात्री करा. तो गेला की मुखत्यारपत्रही गेलं. परदेशी रहिवाशाच्या हिश्श्यावर टीडीएस कापायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची. अज्ञान वारस असेल तर न्यायालयाची परवानगी लागेल असंच धरून चाला.

आणि सापडलाच नाही कोणी तर? दर मोठ्या कुटुंबात एक काका असा असतो, जो 1985 च्या सुमाराला घरातून गेला आणि पुन्हा दिसला नाही. सात वर्षं कोणाला ठावठिकाणा नसला तर मृत्यूचं अनुमान निघू शकतं, पण ते घरच्यांनी न्यायालयातून ठरवून घ्यायचं. तलाठ्याने वारसनोंद करून ते होत नाही. वारस दाखल्याबद्दलही गोंधळ असतो. बँकेतल्या पैशांसाठी जो सक्सेशन सर्टिफिकेट नावाचा कागद मिळतो तो घर-जमिनीला चालत नाही. त्यासाठी 1827 च्या जुन्या रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र घेतात. कायदा दोनशे वर्षांचा आहे, पण इथल्या कोर्टात आजही चालतो.

एजंटचं आता सांगतो. एका भावाचा अविभक्त हिस्सा विकत घेता येतो, त्यात बेकायदा काही नाही. पण एकत्र कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा परक्याने घेतला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 त्याला घरच्यांसोबत संयुक्त ताबा देत नाही. म्हणजे पैसे देऊन तुम्ही पडवीतसुद्धा बसू शकत नाही. वाटपाचा दावा लावलात तर 1893 च्या वाटप कायद्याच्या कलम 4 खाली घरचे तुमचाच हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेऊ शकतात. शिवाय वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे बाकीच्या वारसांना घ्यायचा पहिला हक्क आहे. एजंटला हे ठाऊक असतं. त्याचं कमिशन पहिल्या सहीवर असतं, बाकीच्या बावीस तुमच्या गळ्यात. "कुलूप तोडून साफसफाई करून घ्या, ताबा दिसेल" असाही सल्ला तो देईल. घर तुमचं नाही तोवर ती घुसखोरी आहे, आणि पोलीस पाटील तसंच लिहील.

घर एकाचं आणि जमीन दुसऱ्याची, हे कोकणात सर्रास आढळतं. खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, 1949 च्या कायद्याने गेली, कुळांना जमिनी मिळाल्या, पण कुळाचं घर कुठल्या हिश्श्यात उभं आहे आणि तो हिस्सा कोणाच्या नावावर लागला याचा मेळ सगळीकडे बसलेला नाही. म्हणून भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, घर नकाशावर येऊ द्या. विहीर आणि पायवाट याच हिश्श्यात आहे का ते तेव्हाच कळतं. सातबाऱ्याच्या इतर हक्क रकान्यात कुळाचं नाव किंवा कूळ कायद्याच्या कलम 43 चा शेरा (कुळाला मिळालेली जमीन विकण्यावरचं बंधन) असेल तर माझ्यासारख्या कोणाला तरी आधी दाखवा. दुय्यम निबंधकांकडे सूची क्रमांक दोनचा, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या यादीचा, 30 वर्षांचा शोध, ई-कोर्ट्सवर सगळ्या नावांनी दावे आहेत का ते पाहणं, आणि स्थानिक दैनिकात हरकती मागवणारी जाहीर नोटीस, ही कामं तुमचा वकील करेल. नोटीस फक्त रत्नागिरीच्या पेपरात देऊ नका, मुंबई आवृत्तीतही द्या. माणसं तिथे आहेत.

गोव्याच्या बाजूला घर बघत असाल तर हे सगळं तसंच्या तसं लावू नका. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेला वेगळा नागरी कायदा आहे, नवरा-बायकोची मिळकत बहुधा सामाईक असते, त्यामुळे विकताना दोघांच्या सह्या लागतात आणि वारस इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मिळकतीची यादी आणि वाटणी करण्याच्या, न्यायालयीन कारवाईतून ठरतात. बाहेरगावी गेलेल्यांची बंद घरं खोट्या दस्तांनी हडपण्याचे इतके प्रकार निघाले की 2022 मध्ये गोवा सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. तिथे तुम्हाला "मालक" फार पटकन सापडला तर जास्त काळजी घ्या.

पैसे प्रत्येकाला त्याच्या खात्यात, त्याच्या हिश्श्याप्रमाणे. एका भावाकडे सगळे देऊन "तो वाटेल" असं कधीही नाही. 20,000 किंवा त्याच्या वर रोख तर आयकर कायद्यालाच चालत नाही. विसार द्यायचाच तर साठेखत नोंदवून, आणि वंशावळीतल्या सगळ्या शाखांचा किमान एकेक माणूस हजर असताना.

एक गोष्ट कागदात कुठे येत नाही, ती राहिली. सगळं जमल्यावर, बहुधा खरेदीखताच्या आदल्या आठवड्यात, घरातली सर्वांत म्हातारी व्यक्ती विचारते, "आमच्या गणपतीचं काय?" मूळ घरात देव असतात. कोणाला गणपतीपुरते पाच दिवस घर हवं असतं, कोणाला पालखीचा नारळ त्याच खळ्यात द्यायचा असतो. भावनेच्या भरात तुम्ही म्हणाल, या की, दर वर्षी या, हवं तर खरेदीखतात घालू. दस्तात घालू नका. तो घरावरचा बोजा होईल आणि वीस वर्षांनी तुमच्या मुलाला विकताना आड येईल. मी त्यांना सांगतो, भटजींना विचारून देव दुसऱ्या भावाच्या घरी किंवा मुंबईला हलवा, आणि त्यानंतरच दस्ताची तारीख घ्या. यात एक गणपती निघून जातो, व्यवहार वर्षभर लांबतो, कधी त्या वर्षात कुटुंबाचा विचारही बदलतो. बदलला तर बदलला. आणि देव नीट हलले तर पहिल्या वर्षी त्या घरच्यांना जेवायला बोलवा.

तुमचा सातबारा आणि त्यावरच्या फेरफारांची यादी पाठवा. तुमच्या नावाचा शेतीचा उतारा असेल तर तोही जोडा, तो नसेल तर बाकीचं पाठवायची घाई नाही. आणि शाकारणीच्या गड्याला भेटलात की तो काय म्हणाला ते कळवा.